बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत?

मागच्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ गेला. अचानक, ध्यानीमनी नसताना. पंधराएक दिवसांनी रात्री उशिरा तिचा मेसेज आला, "अगं, तुम्ही लोक अशा वेळी काय वाचता?" तुम्ही लोक म्हणजे देव, आत्मा, पुनर्जन्म, नशीब ह्यातलं काही न मानणारे. तशी ती पण फारसं मानत नाही, पण मी हे चारचौघांत बोलून दाखवत आलेय आणि ती नाही, त्यामुळे तिच्या लेखी ह्या विषयातली तज्ज्ञ मी.

आणि तज्ज्ञ बाईंनी काय केलं, तर मोठ्या उत्साहाने सात लिंका पाठवल्या. आत्मा नावाची वेगळी वस्तू मानायची गरज का नाही, मेंदू थांबला की जाणीव का थांबते, मरता मरता वाचलेल्या लोकांना बोगदा आणि उजेड का दिसतो, असलं सगळं. दुसऱ्या दिवशी तिचा रिप्लाय आला, फक्त "थँक्स". मग मला जरा खटकलं म्हणून मी त्याच लिंका पुन्हा उघडून, आपला भाऊ गेलाय असं धरून वाचायला घेतल्या आणि तिसऱ्या लिंकेला फोन बाजूला ठेवला. लाज वाटली. ती विचारत होती दिवस कसा काढू, आणि मी तिला वादविवाद स्पर्धेची तयारी पाठवली होती, ते पण अशा मुलीला जिच्याशी माझा ह्या विषयावर काही वादच नव्हता.

तिथून पुढे वर्षभर मी हाच एक उद्योग केला. जग हे असं आहे, निसर्गाच्या बाहेर दुसरं काही चालवणारं नाही, हे एकदा मान्य केल्यावर जगायचं कसं ह्याबद्दल भरवशाचं कोण बोलतं, आणि ते भरवशाचं आहे हे ओळखायचं कसं. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त अवघड निघाला.

आधी एक शब्दाची भानगड. ह्या दृष्टिकोनाला मराठीत निसर्गवाद म्हणतात, पण निसर्गवाद म्हटलं की समोरच्याला झाडं, डोंगर आणि "शंभर टक्के नैसर्गिक" लिहिलेल्या बाटल्या आठवतात. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. इथे म्हणणं एवढंच की जे काही आहे ते निसर्गातच आहे, आपण, आपलं मन, आपलं प्रेम, आपली भीती सगळं त्यातच आलं, आणि ते समजून घ्यायचं तर बघून, तपासून, चुकून, दुरुस्त करूनच. नैसर्गिक म्हणजे चांगलं असं हा विचार अजिबात म्हणत नाही. साप चावून मरणं पण पूर्ण नैसर्गिक आहे. डेव्हिड ह्यूम ह्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1739-40 मध्येच हे दाखवून ठेवलंय, की "असं आहे" ह्या वाक्यापासून "असं असावं" ह्या वाक्यापर्यंत लोक न सांगता उडी मारतात. मला वाटतं सल्ल्याच्या बाजारातले निम्मे घोटाळे ह्या एका उडीत आहेत. आदिमानव असं खायचा म्हणून तुम्ही असं खा, माकडांमध्ये असा नर असतो म्हणून पुरुषाने असं वागावं, हे ऐकायला सायंटिफिक वाटतं, पण मधला पूल कुणी बांधलेलाच नसतो.

तर शोधायला लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आपल्या बाजूच्या कपाटात खंडनाची पुस्तकं भरपूर आणि जगण्याची कमी. देव का नाही ह्यावर ढीगभर, आणि नाही तर नाही, मग पुढे काय, ह्यावर पातळ. आणि जिथे जागा रिकामी असते तिथे कोणीतरी येऊन बसतंच. इथे मोटिव्हेशनवाले आणि प्रॉडक्टिव्हिटीवाले येऊन बसलेत, आणि ते देवाचं नाव घेत नाहीत म्हणून आपण त्यांना आपले समजतो. मी समजत होते. पहाटे उठणं, थंड पाण्याने आंघोळ, दिवसाचे रकाने भरणं, सगळं करून झालंय माझं.

ह्या सगळ्या गोंधळात मला एक जुना माणूस सापडला, डायगोरस. ग्रीक, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला, नास्तिक म्हणून बदनाम. त्याचं स्वतःचं लिखाण म्हणावं असं काही हातात नाही, पण रोमन लेखक सिसेरोने त्याची एक गोष्ट सांगितलीय. देवळात वादळातून वाचलेल्या लोकांनी नवस फेडायला लावलेली चित्रं होती, खूप चित्रं. मित्र म्हणाला, बघ, देवांना माणसांची फिकीर नाही म्हणतोस ना, मग हे एवढे लोक कसे वाचले? डायगोरस म्हणाला, बरोबर आहे, कारण जे बुडाले त्यांची चित्रं कुठेच लावलेली नाहीत.

ही गोष्ट मी आधी देवाविरुद्धचा मुद्दा म्हणूनच वाचलेली, कधीतरी कुणाशी तरी भांडताना वापरलेली पण. पण ती तेवढीच नाहीये ना. कोणताही सल्ला घ्या, तो बहुतेक वेळा अशाच भिंतीवरचं एक चित्र असतो. नोकरी सोडली आणि आयुष्य बदललं. मनाचं ऐकलं आणि यश मिळालं. सगळ्यांना माफ केलं आणि मोकळी झाले. असेल, खरंच झालं असेल, वादळातून ती माणसं खरंच वाचली होती. पण तेच करून जे बुडाले त्यांना कुणी स्टेजवर बोलावत नाही, त्यांची मुलाखत होत नाही, आणि बरेचदा त्यांना स्वतःलाच ते सांगावंसं वाटत नाही. म्हणजे नवस घालवला तरी भिंत तशीच राहिली, फक्त चित्रं बदलली.

तेव्हापासून मी सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला, पुस्तक असो की माणूस, मनातल्या मनात एकच प्रश्न विचारते: हेच करून बुडालं कोण? ज्याच्याकडे ह्याचं उत्तर तयार असतं त्याचं पुढचं ऐकायचं. ज्याला प्रश्नच कळत नाही किंवा राग येतो, त्याला नमस्कार.

मध्यंतरी मी नोकरी सोडायच्या विचारात होते तेव्हाचं सांगते. सोडून भरभराट झालेले चारपाच जण लगेच भेटले, सगळे एकसुरात, सोड गं, काय बघतेस. मग मी मुद्दाम एक बाई शोधून काढली जिने सोडली होती आणि दोन वर्षांनी गुपचूप परत नोकरी धरली. तिला "मी काय करू" विचारलंच नाही, "तुमचा मंगळवार कसा जायचा तेव्हा" एवढंच विचारलं. ती म्हणाली पैशाचं जमत होतं, पण दुपारी तीन वाजेपर्यंत मला एकाही माणसाचा फोन यायचा नाही आणि हे आपल्याला एवढं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. हे एक वाक्य मला त्या चारपाच जणांच्या सगळ्या प्रोत्साहनापेक्षा जास्त उपयोगी पडलं. (सोडली मी शेवटी, पण आठवड्यातले दोन दिवस लोकांत जाऊन बसायची सोय आधी केली.) तिने सल्ला असा दिलाच नाही, फक्त काय घडलं ते सांगितलं. मला हल्ली वाटतं माणसांकडून घ्यायची वस्तू हीच आहे, त्यांचं मत कमी आणि त्यांचा मंगळवार जास्त.

आता पुस्तकं आणि स्टडी, कारण "विज्ञान सांगतं" म्हटलं की आमच्यासारख्यांचे दरवाजे आपोआप उघडतात, आणि नेमकी तिथेच मी सगळ्यात जास्त फसलेय.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे तुम्ही ऐकलं असेलच. मी कितीतरी जणांना सांगितलंय. ह्याचं मूळ शोधायला गेलं तर सापडतो मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा प्लास्टिक सर्जन, त्याने 1960 च्या पुस्तकात लिहिलं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण कमीत कमी एकवीस दिवस लागतात. म्हणजे निरीक्षण चेहऱ्याबद्दलचं, आणि "कमीत कमी" हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला. पुढे 2009 मध्ये लंडनच्या संशोधकांनी 96 लोकांना घेऊन खरोखर मोजलं, जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, पळायला जाणं अशा साध्या सवयी, तर मधला आकडा आला 66 दिवस, आणि माणसामाणसात फरक इतका की कुणाला 18 तर कुणाला अंदाजे 254. शिवाय एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हे पण दिसलं. आता विचार करा, बाविसाव्या दिवशी सवय लागली नाही म्हणून आपल्यातच काही खोट आहे असं समजून किती लोकांनी सोडून दिलं असेल. ते बुडालेले. त्यांचं चित्र नाही.

दुःखाच्या पाच पायऱ्यांचं तर माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत डोळ्यासमोर घडलं. नाकारणं, राग, घासाघीस, खचणं आणि मग स्वीकार. तिला कुणीतरी समजुतीच्या सुरात सांगितलं की आता तुझी रागाची पायरी येईल, येऊ दे, दाबू नकोस. आणि ती बिचारी वाट बघत बसली रागाची. राग काही येईना. मग तिला वाटायला लागलं की आपलं भावावर नीट प्रेमच नव्हतं की काय. एलिझाबेथ कुबलर-रॉस ह्यांनी 1969 मध्ये ह्या पायऱ्या मांडल्या त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांबद्दल नव्हेच, आणि सगळ्यांना ह्याच क्रमाने जावं लागतं असा काही नियम नंतरच्या अभ्यासांत टिकलेला नाही. स्वतः बाईंनी पण शेवटी शेवटी लिहिलं की हे इतकं नीटनेटकं बांधून ठेवण्यासाठी नव्हतं. मी हे मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, म्हणजे मला राग नाही आला तरी चालेल? वर्षभरात मी तिला दिलेली ही पहिली कामाची गोष्ट.

बरं, अभ्यास म्हणजे तरी काय, तो पण बघून घ्यावा लागतो. 2015 मध्ये सायकॉलॉजीतले 100 प्रयोग पुन्हा करून बघितले गेले, त्यातल्या साधारण छत्तीस टक्क्यांमध्येच तसा ठळक निकाल परत मिळाला. छाती पुढे काढून उभं राहिलं की हार्मोन बदलतात, हे पण त्याच सुमाराला पुन्हा करून बघताना टिकलं नाही, आणि मूळ पेपर लिहिणाऱ्यांपैकी एकीने 2016 मध्ये उघडपणे लिहिलं की माझा आता ह्यावर विश्वास नाही. हे वाचून माझा एक मित्र म्हणाला, बघ, तुझं विज्ञान पण असलंच. मला उलट वाटतं. ज्या घरात माणूस उठून "मी चुकले" म्हणू शकतो आणि तरी त्याला जेवायला वाढतात, तिथेच मला राहायचंय. दुसरीकडे कुठे अशी चूक सापडल्यावर नवी आवृत्ती निघते?

आणि सापडलेल्या चुका कधी कधी फार गंभीर असतात. मोठा अपघात, दुर्घटना झाली की लोकांना लगेच एकदा बसवून सगळं बोलून घ्यायला लावायचं, म्हणजे नंतर त्रास होत नाही, ही किती प्रेमळ आणि पटणारी कल्पना आहे. कॉक्रेन नावाची संस्था आहे, वैद्यकीय प्रयोग गोळा करून एकत्र तपासते, त्यांनी ह्यावरचे प्रयोग तपासले तर असं एकदाच बसवून बोलतं केल्याने पुढचा त्रास टळतो असं दिसलंच नाही, आणि एका प्रयोगात तर वर्षभराने त्या लोकांचा त्रास जास्त निघाला. म्हणजे सल्ला देणाऱ्याचा हेतू शुद्ध, अनुभव पण भरपूर, समोरचा पण "बरं वाटलं" म्हणाला, आणि तरीही चूक. हे मला जाम हादरवणारं वाटलं, कारण मी सल्ल्याची पारख आजवर हेतू बघूनच करत होते. हेतू चांगला आहे ना, मग बास. नाही, बास नाही.

"मला लागू पडलं" ह्याची पण तीच गत. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर ह्यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून वर्णन दिलं, किती बरोबर आहे ते पाचपैकी मार्क देऊन सांगा म्हणाले. सरासरी सव्वाचारच्या आसपास. वर्णन सगळ्यांना एकच होतं, भविष्याच्या एका पुस्तकातून वाक्यं उचलून केलेलं. आम्ही नास्तिक ह्यावर खूप हसतो, राशीवाल्यांची फजिती म्हणून. पण तुमचा व्यक्तिमत्त्वाचा चार अक्षरांचा टाईप सांगणाऱ्या ऑनलाइन टेस्ट आठवा. "अगदी मी!" म्हणून तो रिझल्ट मी स्टेटसला ठेवला होता, खोटं कशाला बोलू.

मग भरवशाचा सल्ला दिसतो कसा? मला आता तो ओळखू येतो त्याच्या छोटेपणावरून. उदाहरणार्थ मनातलं कागदावर उतरवणं. 1986 च्या मूळ प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहिलं होतं. पुढे असे शेकड्याने प्रयोग झाले, 2006 मध्ये त्यातले 146 एकत्र करून बघितले तर फायदा खरा निघाला, पण लहान. लहान! हे वाचून मला इतकं बरं वाटलं. आयुष्य बदलेल असं कोणी म्हणत नाहीये, थोडा उपयोग होईल, कदाचित होणारही नाही, खर्च काही नाही, करून बघ. असं बोलणारा माणूस मला भेटला की मी त्याचं बाकीचं पण ऐकते. अर्थात महिनोन् महिने झोप नाही, जगावंसं वाटत नाही, अशा वेळी ह्यातलं काहीच वाचत बसायचं नाही, सरळ डॉक्टर किंवा शिकलेला समुपदेशक गाठायचा. तिथे ब्लॉग नको.

जुनं वाचायला घेतलं तेव्हा वेगळीच गंमत. चार्वाकांपासून सुरुवात केली, आणि पहिल्या पानालाच कळलं की त्यांचं स्वतःचं जवळपास काहीच उरलेलं नाही. आपल्याला जे माहितीय ते विरोधकांनी, खोडून काढण्यासाठी म्हणून, नोंदवून ठेवलेलं. "ऋणं कृत्वा घृतं पिबेत्" हे शाळेपासून ऐकलेलं, कर्ज काढा आणि तूप प्या, म्हणजे हे लोक चैनी. पण चौदाव्या शतकातल्या ज्या सर्वदर्शनसंग्रहात हे येतं, त्याच ग्रंथात प्रकरणाच्या सुरुवातीला तोच श्लोक दुसऱ्या रूपात आहे, "यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः", म्हणजे जगाल तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या टप्प्याबाहेर कोणीच नाही. इथे कर्ज पण नाही आणि तूप पण नाही. कर्जतुपाची ओळ मागाहून चेष्टेने घुसडली असावी असं काही अभ्यासक मानतात आणि मला ते पटतं. म्हणजे इथे उलटं झालंय, बुडालेल्याचं चित्र आहे, पण ते काढलंय बुडवणाऱ्याने.

एपिक्युरस ह्या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं पण तसंच. त्याच्या नावाने खादाडपणाची जाहिरात होते, आणि त्याचं पत्र उघडावं तर तो म्हणतो सुख म्हणजे पार्ट्या झोडणं नव्हे, शरीराला वेदना नसणं आणि मनाला घोर नसणं म्हणजे सुख. ह्याच पत्रात ते प्रसिद्ध वाक्य आहे, आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू असतो तेव्हा आपण नसतो. तर्क म्हणून मला ते आवडतं. पण मैत्रिणीला ते पाठवायचा मोह ह्या वेळी आवरला, कारण ते मरणाऱ्याला सांगितलंय. मागे राहिलेल्याला नाही. मागे राहिलेला तर असतोच ना, तोच तर प्रॉब्लेम आहे.

मार्कस ऑरेलियस ह्या रोमन बादशहाबद्दल एक सावधगिरीची सूचना, कारण हल्ली तो रीलमध्ये फार फिरतोय. त्याची टिपणं सुंदर आहेत, बादशहाने स्वतःलाच लिहिलेली, छापायला म्हणून नाही, आणि म्हणून त्यात भाव खाणं कमी आहे. पण स्टोइक लोक, म्हणजे मार्कस ज्यांच्यातला तो तत्त्वज्ञांचा पंथ, ज्या निसर्गाबद्दल बोलतात तो शहाणा निसर्ग आहे, सगळं काही कशासाठी तरी घडवून आणणारा. "जे होतं ते योग्यच होतं" हे वाक्य त्या समजुतीवर उभं आहे. ती समजूत काढून घेतली आणि वाक्य तेवढं ठेवलं तर हातात राहते ती निव्वळ सोसण्याची ट्रेनिंग. मार्कसला स्वतःला ही फट दिसत होती असं वाटतं, तो पुन्हा पुन्हा लिहितो, एक तर विधात्याची योजना नाही तर नुसते अणू, आणि मग दोन्ही बाजूंनी काय करायचं ते बघतो. मला त्याची ही पानं सगळ्यात जास्त आवडतात, आणि रीलवाले नेमकी हीच वगळतात.

अशीच दोन्ही बाजू धरून चालणारी गोष्ट बुद्धाच्या कालाम सुत्तात आहे. त्यातला "परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितलं म्हणून मानू नका" एवढा तुकडा आपण सगळे फॉरवर्ड करतो. पुढे वाचलं तर बुद्ध म्हणतो, ज्याच्या मनात वैर नाही त्याला चार दिलासे आहेत, परलोक असेल तर त्याचं तिथे भलं होईल, आणि नसेल तर इथे, ह्याच जन्मात, तो त्रासाशिवाय जगला एवढं तरी झालं. बुद्ध पुनर्जन्म मानत होता, त्याला जबरदस्तीने आपल्या पार्टीत ओढायचं काही कारण नाही. पण आपलं मत चुकलं तरी सल्ला पडणार नाही अशी सोय करून ठेवणारा माणूस मला आवडतो. सल्ला देणाऱ्यांपैकी किती जण हे करतात?

बर्ट्रंड रसेल ह्या इंग्रज तत्त्वज्ञाचं सुखावरचं 1930 चं पुस्तक पण मी ह्या वर्षी वाचलं. कंटाळा, मत्सर, थकवा, लोक काय म्हणतील ह्याची भीती, एकेका गोष्टीवर एकेक प्रकरण, कुठे उंच आवाज नाही. गृहस्थाची स्वतःची चार लग्नं झाली आणि ह्या पुस्तकानंतर पाच वर्षांनी त्यातलं दुसरं मोडलं. हे कळल्यावर माझा उत्साह जरा मावळला, मग वाटलं, अरे, हा तर बुडून पण आलाय, मग तर वाचलंच पाहिजे. एवढंच की लग्नाबद्दलचं वाचताना पेन्सिल हातात ठेवली.

मराठीत शोधणाऱ्यांना थोडक्यात सांगते. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे आणि तत्त्वज्ञानावरच्या नोंदी शांत सुरात लिहिलेल्या आहेत, कुठल्याही वादात उडी मारण्याआधी तिथून सुरू करावं. आगरकरांचे 1888 पासूनचे सुधारकातले निबंध मुळातूनच वाचा, त्यांच्याबद्दलची भाषणं ऐकू नका. दि. य. देशपांडे ह्यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या आजचा सुधारक मासिकात नीती, श्रद्धा, विवेक ह्यावर सावकाश, मुद्दा न सोडता लिहिलेलं सापडतं. इंग्रजी वाचवत असेल तर स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानाचा ऑनलाइन कोश, 1995 पासून चालू आहे, तो पण फुकट, आणि नोंद कधी बदलली त्याची तारीख लिहिलेली असते. मला ती तारीख बघायला आवडते.

एक तक्रार मात्र आपल्याच लोकांबद्दल. देव सोडतात आणि मग एखादा हिरो धरतात. भौतिकशास्त्रातला मोठा माणूस, विश्वाबद्दल काय छान बोलतो, म्हणून मुलं कशी वाढवावी ह्यावर पण त्याचं ऐकायचं. का? कृष्णविवराचं गणित येतं म्हणून चौदा वर्षांच्या मुलीशी बोलायचं कसं हे येतं का? मी एका ओळखीच्या ग्रुपवर हे लिहिलं तर मलाच "तू आस्तिक व्हायला लागलीस" असं ऐकवण्यात आलं. असो.

तर मैत्रीण. सात लिंकांनंतर सहासात महिन्यांनी मी तिला एकच गोष्ट पाठवली, आणि ह्या वेळी लिंक नाही, हाताने टाइप करून. एपिक्युरसने मरणाच्या दिवसांत लिहिलेलं छोटं पत्र. लघवी अडकलेली, पोटाचा भयंकर त्रास, वेदना ह्याहून जास्त होऊ शकत नाहीत असं तो स्वतः म्हणतो. आणि ह्या सगळ्याच्या समोर मी ठेवलाय तो आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणीचा आनंद, असं लिहितो. मग लगेच पुढे मित्राला कामाचं सांगतो, मेट्रोडोरसच्या मुलांची काळजी घे. मेट्रोडोरस त्याचा जवळचा सोबती, आधीच वारलेला.

हिच्या भावाला एक मुलगी आहे. ते माझ्या डोक्यात होतंच, पण मी काही लिहिलं नाही.

तिचा रिप्लाय तासाभराने आला. गप्पांबद्दल नाही, अणूंबद्दल नाही, मृत्यूबद्दल पण नाही. "त्या मुलांचं पुढे काय केलं त्यांनी?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून शोधायला बसले. निघालं काय, तर एपिक्युरसचं मृत्युपत्र पण शाबूत आहे, त्याच्यानंतर पाचेकशे वर्षांनी डायोजिनीस लेर्शियस ह्या ग्रीक चरित्रकाराने उतरवून ठेवलेलं. सगळं तत्त्वज्ञान बाजूला, शुद्ध व्यवहार. मेट्रोडोरसच्या मुलाचा सांभाळ करायचा. मुलीचा खर्च मिळकतीतून दरवर्षी द्यायचा, ती वयात आली की तिच्या लग्नासाठी वेगळी रक्कम काढून ठेवायची, कुठून ते पण लिहिलंय. मी ते सगळं मराठी करून तिला पाठवलं, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. थोड्या वेळाने तिचा मेसेज, "शनिवारी मोकळी आहेस का? वहिनीबरोबर बसून भाचीच्या नावाचे कागद लावायचेत, मला एकटीला ते फॉर्म कळत नाहीयेत."